गोळे

रात्री पावणेतीनला पोटरीत गोळा येतो.
आधी अंगठा वाकतो, आपला आपण,
कुणी आतून दोरी ओढल्यागत,
मग पोटरीचा दगड.
मी ओरडत नाही, उशीचा कोपरा दातांत धरतो.
तरी मालन उठतेच.
“टाच रेट भिंतीला,” म्हणते, “मी चोळतो.”
आमच्याकडं बायका असंच बोलतात,
चोळतो, येतो, बसतो.
तिच्या तळव्याला कांदा आणि करडईचं तेल,
दोन्हींचा वास.

बत्तीस वर्षं झाली शिरोलीच्या फौंड्रीत.
त्यातली एकवीस लॅडलपाशी.
लॅडलच्या तळाला खळगा,
खळग्यात मॅग्नेशियमचे खडे,
त्यावर पत्र्याचे तुकडे, पांघरूण घातल्यासारखे,
आणि वरून भट्टीतलं लोखंड.
मग जो उजेड होतो
तो निळ्या काचेतूनसुद्धा पांढराच दिसतो.
शेडमधले पारवे दर वेळी उडतात.
एकवीस वर्षांत त्यांच्या काही अंगवळणी पडलं नाही.

साधं बीड ठिसूळ असतं.
घण बसला की काचेसारखं जातं.
लॅबच्या मुजावर सरांनी एकदा बोलावून
मायक्रोस्कोपाला डोळा लावायला लावला:
आधीच्या तुकड्यात कार्बन पानापानांनी पसरलेला,
चीर जायला तयार वाटा.
नंतरच्यात मोहरी सांडल्यागत काळे गोल.
“गोळे झाले की लोखंड वाकतं, मोडत नाही,” सर म्हणाले.
त्या दिवशी घरी येईपर्यंत
मी रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकच्या चाकाकडं
ओळखीचा असल्यासारखा बघत होतो.

उचगावच्या मेडिकलात दीपाली सनदेनं
पाकीट पुढं केलं, मी नाव वाचलं
आणि मोठ्यानं हसलो.
“अगं, हे मी पोत्यानं टाकतोय रोज!”
“काका, ते वेगळं, हे पोटात जायचं.
हे स्वस्तातलं, पण जुलाब होतील.
हे महागातलं.
आणि आधी किडनी तपासून या.”
पोरगी माझ्या धाकट्याच्या वर्गातली,
पण आवाज असा, की मी पाकीट खाली ठेवलं.

उपाध्ये डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला.
किडनी ठीक.
बीपीची जुनी गोळी बदलली,
ती म्हणे लघवीवाटे बरंच काही घालवते.
घाम किती येतो, विचारलं.
मी बनियन पिळून दाखवायची खूण केली.
“घ्या महिनाभर,” म्हणाले,
“पण गोळीनं गोळे जातीलच असं नाही.
काहींना गुण गोळीचा येतो,
काहींना घेतल्याचा.”

म्हणजे बघा,
लोखंडात गोळे यावेत म्हणून मॅग्नेशियम,
माझ्यात येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम.
हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं
तर बाबू कांबळे म्हणाला,
“मग तू मोडणार न्हाईस, निस्ता वाकशील.”
सगळे हसले. मीही.
डबा उघडला तर भोपळ्याच्या बिया,
भाजलेल्या, मीठ लावलेल्या.
मालननं कुठनं ऐकलं, कुणास ठाऊक.

एकोणीस रात्री गोळा आला नाही.
गुण गोळीचा, बियांचा,
बदललेल्या औषधाचा,
की दीड लिटरची बाटली रोज रिकामी करतो त्या पाण्याचा?
हिशेब लागत नाही.
आणि मला एक माहीत आहे, धंद्यातलं:
मॅग्नेशियम टिकत नाही.
लॅडलमध्ये दहाएक मिनिटं,
तेवढ्यात साचे भरले तर भरले,
नाहीतर ते उडून जातं
आणि उरतं ते पुन्हा बीड.
म्हणून आम्ही ओतताना बोलत नाही.

पण सवयीची जाग अजून येते, पावणेतीनलाच.
अंगठा सरळ. पोटरी मऊ.
बाहेर हायवेवर उसाची एखादी ट्रॉली खडखडते.
शेजारी मालन झोपेतच हात लांबवते,
चाचपत पायापाशी आणते,
“आला व्हय?”

मी नाही म्हणत नाही.
टाच भिंतीला लावतो.